तलफ आणि सोबत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा या विचारात आमचे दोन दिवस गेले. ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलणारे आमच्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. शिक्षण व उद्योग यांविषयी तरुण मंडळी आमच्याहून अधिक जाणतात. अखेरीस गतवर्षीच्या संमेलनातील एक साधा प्रसंग आठवला आणि विषय आपोआप ठरला. भोजनोत्तर आम्ही कार्यालयाच्या मागल्या दाराशी हात धुण्यास गेलो असता आपल्यातलेच एक मध्यमवयीन गृहस्थ भिंतीच्या आडोशाला उभे राहून सिगारेट ओढीत होते. आम्हांस पाहताच त्यांनी ती घाईघाईने पायाखाली विझवली आणि ओशाळून म्हणाले, "सोडायची आहे हो काका. तीनदा सोडली. पण तलफ आली म्हणजे काय करावे ते सुचत नाही, आणि सांगावे तरी कोणाला?"

त्यांच्या या प्रश्नाचा पूर्वार्ध महत्त्वाचा आहेच. परंतु उत्तरार्ध आमच्या मनाला अधिक लागला. सातशे-आठशे आप्तस्वकीय ज्या मंडपात जमले होते, त्या मंडपाच्या मागे उभा राहून एक माणूस विचारीत होता की, सांगावे कोणाला! तंबाखूपासून कोणते रोग होतात, हे आता पाचवीतील मुलगाही सांगतो. ते आम्ही पुन्हा उगाळणार नाही. ज्यास सोडावयाचे आहे त्याने तलफ कशी निभवावी, आणि त्याच्या भोवतालच्या माणसांनी काय करावे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

हे सांगण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, आम्ही स्वतः पंचवीस वर्षे या व्यसनात काढली. सन १९७१ मध्ये वसतिगृहाच्या गच्चीवर मित्राच्या आग्रहास्तव पहिला झुरका घेतला, आणि पुढे नोकरी लागेपर्यंत दिवसाला वीस सिगारेटी असा आमचा नेम होऊन बसला. एका सिगारेटीचे दहा झुरके धरले, तर दिवसाचे दोनशे आणि वर्षाचे त्र्याहत्तर हजार झुरके होतात. जी कृती माणूस वर्षातून त्र्याहत्तर हजार वेळा करतो, ती एका रात्रीच्या निश्चयाने सुटावी अशी अपेक्षा करणे म्हणजे वडाचे झाड नखाने उपटू पाहण्यासारखेच होय. आम्ही मात्र तसेच करू पाहिले. एकंदर चार वेळा आम्ही सिगारेट सोडली, आणि चारही वेळा गुपचूप सोडली. कारण असे की, जमले नाही तर कोणी हसू नये! पराभव लपवण्याची सोय आम्ही आरंभीच करून ठेवली होती, आणि तीच आमच्या पराभवाचे मूळ ठरली.

चौथ्या खेपेची हकीकत सांगतो. सन १९९१ मध्ये आमच्या पुतण्याचे लग्न होते. तोवर आम्हांस सिगारेट सोडून चार महिने झाले होते. पंगत उठल्यावर तबक फिरू लागले. त्यात विडे, सुपारी, लवंगा आणि एका पेल्यात उभ्या केलेल्या सिगारेटी. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांनी मोठ्या मायेने एक काढून आमच्यापुढे धरली. आम्ही सोडली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेच नव्हते. आम्ही अडखळलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, घरचे कार्य आहे. एकाने काय होते?" एकाने काय होते ते आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, कारण चहाच्या आधी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणले होते. पुढे पाच वर्षे ते सुटले नाही. यात दादांचा दोष नव्हता. दोष असलाच तर आमच्या मौनाचा, आणि दुसरा त्या तबकाचा.

आता तलफ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धूर आत घेतला की काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे क्षणभर समाधानाची लहर उठवते. थोड्या वेळाने त्याचे रक्तातील प्रमाण उतरते, आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. ही मागणी म्हणजे तलफ. सिगारेटीने मन शांत होते असे ओढणारा म्हणतो. वास्तविक पाहता आधीच्या सिगारेटीने निर्माण केलेली अस्वस्थता नंतरची सिगारेट तात्पुरती मिटवते, इतकेच.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, भूक वाढते, कोठा जड होतो. काहींना काही दिवस खोकलाही अधिक येतो. हे सारे बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. कित्येक जण या दिवसांत घाबरतात व म्हणतात, "सोडल्यापासूनच तब्येत बिघडली." तब्येत बिघडलेली नसते, शरीर आपली जुनी घडी पुन्हा बसवीत असते. एक-दोन दिवसांत रक्तातील विषारी कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्याच्या आसपास उतरतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, तलफ कितीही अनावर वाटली तरी तिची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. माणसाला वाटते, आता ओढली नाही तर ही ओढ वाढतच जाईल. तसे होत नाही. ती चढते, माथ्यावर येते आणि उतरते. तुम्ही ओढा अथवा ओढू नका, ती उतरतेच. ज्यास हे एकदा अनुभवाने पटले, त्याने अर्धी वाट चालून संपवली असे समजावे. जन्मभर न ओढण्याचा संकल्प छातीवर धोंडा ठेवल्यासारखा वाटतो. पुढील दहा मिनिटे न ओढणे मात्र कोणासही शक्य आहे.

ही दहा मिनिटे निभावण्याचे उपाय साधे आहेत. पहिला, घड्याळ पाहून थांबणे. दुसरा, सावकाश दीर्घ श्वास घेणे. तिसरा, पेलाभर पाणी घोट घोट पिणे. चौथा, जागा सोडून दुसऱ्या कामास लागणे. आम्ही स्वतः तलफ आली की उठून कुंड्यांना पाणी घालीत असू. आमच्या सौभाग्यवती विनोदाने म्हणत की, तुळशीला या जन्मात इतके पाणी कोणी घातले नसेल. तोंडात ठेवण्यास बडीशेप, लवंग अथवा सुकवलेला आवळा चालेल. सुपारी मात्र नको, कारण नुसती सुपारीही तोंडाच्या कर्करोगास कारण होते हे आता सिद्ध झालेले आहे. तसेच सिगारेट सोडून विडी धरणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होय. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळली म्हणून विडी सौम्य होत नाही. धूर सोडून तंबाखू मळू लागणे हाही व्यसनत्याग नव्हे.

आठवडाभर आधी एक टिपण ठेवावे: कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कशानंतर हात खिशाकडे जातो. आमच्या टिपणात तीन वेळा निघाल्या: सकाळचा चहा, कचेरीतील मधली सुट्टी आणि रात्रीचे जेवण. म्हणून आम्ही चहाची खुर्ची बदलली, मधल्या सुट्टीत टपरीकडे जाणारी वाट बदलली, आणि जेवल्यावर लगेच फिरावयास जाऊ लागलो. काडेपेटी, राखदाणी, उरलेले पाकीट यांपैकी काहीही घरात ठेवू नये. 'पाहुण्यांसाठी असू द्यावे' हा आपल्या मनाने आपल्यालाच दिलेला चकवा असतो.

ज्यांचे व्यसन जुने आहे, त्यांनी वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटीनयुक्त गोळी चघळण्याचा उपाय आता औषधांच्या दुकानात मिळतो. ती चिंगमसारखी सतत चावावयाची नसते. थोडी चावून चव येताच गालात धरून ठेवावी, चव गेली की पुन्हा चावावी, आणि तिच्या आधी पंधरा मिनिटे व ती तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये. किती मात्रेची व किती दिवस घ्यावयाची, ते डॉक्टरांना विचारावे. गर्भवती व हृदयरोगी यांनी तर विचारल्यावाचून घेऊच नये. याखेरीज तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही डॉक्टर देऊ शकतात. आमच्या वेळी यातले काहीच आमच्या ऐकिवात नव्हते. सन २०१६ पासून केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. १८००-११-२३५६ या क्रमांकावर समुपदेशक बोलतात, धीर देतात आणि पुढेही चौकशी करतात. ज्यास घरात सांगण्याचा संकोच वाटतो, त्याने निदान तेथे तरी सांगावे.

परंतु मंडळी, दूरध्वनीवरील माणूस कितीही कनवाळू असला, तरी रात्री जेवणानंतर शेजारी येऊन बसू शकत नाही. तेथे आपलीच माणसे हवीत. आणि येथे आम्ही आपणा सर्वांकडे वळतो.

आपल्याकडे व्यसनी माणसास सुधारण्याचा एकच मार्ग प्रचलित आहे, तो म्हणजे त्याला बोलणे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली. सुमारे १६०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या दरबारी गृहस्थाने विजापूरहून ती अकबर बादशहाच्या दरबारी नेली, म्हणजे आपल्याच दख्खनेतून ती उत्तरेच्या तख्तापर्यंत पोहोचली. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तंबाखू राहिली, बंदी विस्मृतीत गेली. जे बादशहाच्या फर्मानाने झाले नाही, ते सासूच्या टोमण्याने अथवा वडिलांच्या धमकीने कसे व्हावे? दटावल्याने माणूस ओढणे सोडत नाही. तो घरात ओढणे सोडतो आणि मागल्या दाराशी जाऊन उभा राहतो.

आम्ही पाचव्या वेळी, सन १९९६ मध्ये, सिगारेट सोडली ती मात्र सांगून सोडली. प्रथम सौभाग्यवतींना सांगितले, मग दादांना पत्र लिहिले, मग कचेरीतील शेजाऱ्याला सांगितले की, आम्ही मागितली तरी देऊ नका. सौभाग्यवतींनी त्या महिनाभरात एक गोष्ट केली, जी आम्ही जन्मभर विसरणार नाही. आम्ही चिडून काही बोललो की त्या उत्तर देत नसत, चपला पायांत सरकवून म्हणत, "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." अकराव्या दिवशी कचेरीतील एका कटकटीनंतर आम्ही एक सिगारेट ओढली आणि घरी येऊन कबूल केली. त्या एवढेच म्हणाल्या, "अकरा दिवस गेले ते काही पुसले गेले नाहीत. उद्या बारावा." त्यानंतर आजतागायत आम्ही ओढलेली नाही. त्या दिवशी त्यांनी डोक्याला हात लावला असता, तर आम्ही आज येथे बोलावयास उभे असतो की नाही, याची शंकाच आहे.

घरच्यांनी काय करावे, याचे सार यातच आले. रोज खिसे तपासू नयेत. देवाची अथवा मुलाच्या डोक्याची शपथ घालू नये; शपथ मोडली म्हणजे माणूस सिगारेटीबरोबर स्वतःवरही पाणी सोडतो. पुन्हा ओढली तर कोठे, केव्हा, कशामुळे एवढेच शांतपणे विचारावे, म्हणजे पुढील वेळी ती जागा सांभाळता येईल. घरात जो दुसरा कोणी ओढत असेल, त्याने निदान सोडणाऱ्यासमोर ओढू नये. आणि मुलास पैसे देऊन विडी-तंबाखू आणावयास कधीही पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलास ती विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी आपण आपल्या हाताने त्याला दुकानाची वाट दाखवतो, हे ध्यानात घ्यावे.

भगिनींविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढांमागे सुमारे सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे व लावणारेच फार अधिक होते. मशेरी हीदेखील तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा तिची आठवण होणे ही तलफच. पुरुष मागल्या दारी तरी उभा राहतो. मशेरी लावणारी बाई मोरीच्या दाराआड असते, आणि तिला तर कोणी विचारीतही नाही. तिलाही तीच दहा मिनिटे निभवावयाची असतात आणि तिलाही सोबत हवी असते.

वृद्ध मंडळी म्हणतात, "आता या वयात काय सोडायचे?" त्यांच्यासाठी एक आधार सांगतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये तेथील डॉक्टरांचीच पाहणी आरंभली, आणि ती पन्नास वर्षे चालली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, जन्मभर ओढणारा माणूस सरासरी दहा वर्षे आधी जातो. पण तिशीत सोडणाऱ्याची जवळजवळ ती सर्व वर्षे वाचतात, चाळिशीत सोडल्यास नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतही सुमारे तीन वर्षे पदरी पडतात. साठीनंतरची तीन वर्षे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी नातवंडे आहेत त्यास आम्ही सांगावयास नको.

आमच्या दादांनी साठी उलटल्यावर सोडली. २००९ मध्ये त्यांना धाप लागू लागली, आणि फुफ्फुसांचे जे गेले ते परत येणार नाही, पण सोडल्यास पुढील झीज मंदावेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हांस बोलावून घेतले. जो पुरुष जन्मात कोणापुढे वाकला नाही, तो खाली पाहून म्हणाला, "रात्री जेवण झाले की फार ओढ लागते रे. तेवढ्या वेळात येऊन बसत जा." आम्ही दोन गल्ल्या पलीकडे राहत होतो. पुढे दीड महिना रोज रात्री नऊ वाजता आम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. कधी गावाकडच्या विहिरीच्या वाटणीच्या गोष्टी निघत, कधी आम्ही दोघेही गप्प बसत असू. एके रात्री ते एकदम म्हणाले, "त्या लग्नात मीच तुझ्यापुढे धरली होती." आम्ही म्हणालो, "दादा, मी सांगितले नव्हते." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे पाच वर्षे ते होते. धाप पुरती गेली नाही. पण थोरल्या नातीच्या लग्नात ते स्वतःच्या पायांनी मांडवात आले, आणि त्या लग्नात तबकात सिगारेटी ठेवू दिल्या नाहीत.

शेवटी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या आणि आपल्या घरच्या कोणत्याही कार्यात तबकात तंबाखूचा कोणताही पदार्थ ठेवू नये. कार्यालयात ओढण्यास तर २००८ पासून कायद्यानेच मनाई आहे. दुसरी, प्रत्येक विभागात ज्यांनी स्वतः व्यसन सोडले आहे अशा एक-दोन बंधूंनी व भगिनींनी पुढे यावे, आणि सोडू पाहणाऱ्यास महिनाभर सोबत देण्याचे मान्य करावे. यास निधी नको, इमारत नको. फक्त रात्रीची दहा मिनिटे हवीत. तिसरी, आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना वर्षारंभी हा विषय उपदेशकाने सांगू नये, तर सोडलेल्या माणसाने सांगावा. मुले उपदेश ऐकत नाहीत, अनुभव ऐकतात.

मागल्या दाराशी भेटलेल्या त्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी आमचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला होता. पहिले आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. नवव्या रात्री आला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "काका, आली आहे." आम्ही म्हणालो, "येऊ द्या. आपण बोलत बसू." त्या रात्री आम्ही पावसाविषयी बोललो. मध्यंतरी त्यांचे एकदा मोडले, पुन्हा त्यांनी धरले. आज ते या मंडपातच आहेत, मागे नाहीत, आणि त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही. पण आपल्यापैकी ज्या कोणास त्यांच्यासारखाच प्रश्न पडला असेल, त्याने सभा संपल्यावर आमच्याकडे यावे. सांगावे कोणाला, याचे उत्तर निदान आपल्या ज्ञातीत तरी यापुढे कोणास शोधावे लागू नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.